गाडीत राहिलेलं पिस्तूल : सॅन फ्रान्सिस्को, जून २०१५

२७ जून २०१५, शनिवार. अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनी सांभाळणारं ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाचं खातं आहे. त्या खात्याचा एक सशस्त्र रेंजर कुटुंबासह सॅन फ्रान्सिस्कोत जेवायला थांबला. कॅलिफोर्नियाहून मोंटाना राज्यातल्या हेलेना शहरात तो तात्पुरत्या कामगिरीवर चालला होता. म्हणजे प्रवास अर्धा सरकारी, अर्धा घरचा. गाडी स्वतःची, एसयूव्ही. ती त्याने खाडीकाठाजवळच्या रस्त्यावर लावली, दारं लॉक केली आणि सगळे जेवायला गेले.

गाडीत एक पाठीवरची बॅग होती. तिच्यात होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, आणि होल्स्टरमध्ये पॉइंट चाळीस कॅलिबरचं सिग सावर पी २३९ पिस्तूल. खात्याने दिलेलं, भरलेलं. बॅगेला कुलूप नव्हतं. पिस्तूल कुठल्या पेटीत नव्हतं आणि गाडीच्या कशालाही बांधलेलं नव्हतं.

परत आले तेव्हा काच फुटलेली होती आणि बॅग गेली होती. रेंजरने चोरीची खबर लगेच दिली.

चार दिवसांनी, १ जुलैच्या संध्याकाळी, तिथून पायी जाता येईल अशा अंतरावर असलेल्या पियर १४ या धक्क्यावर ३२ वर्षांची एक तरुणी वडिलांबरोबर फिरत होती. गोळीचा आवाज झाला आणि ती कोसळली. दुसऱ्या दिवशी बुडी मारणाऱ्या माणसांनी खाडीच्या तळातून जे पिस्तूल वर काढलं, ते त्याच बॅगेतलं होतं.

या प्रकरणावर अमेरिकेत प्रचंड लिहिलं-बोललं गेलं. त्यातलं बहुतेक सगळं पिस्तुलाबद्दल नव्हतं. ज्याच्या हातून गोळी सुटली तो मेक्सिकोचा नागरिक होता. त्याला आधी पाच वेळा देशाबाहेर काढलेलं होतं, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगातून त्याला सोडलं तेव्हा केंद्राच्या स्थलांतर खात्याला कळवलं गेलं नव्हतं. अध्यक्षीय निवडणुकीचा प्रचार तापत होता. त्यामुळे हे प्रकरण बघता बघता स्थलांतराच्या राजकारणाचं झालं. त्या तरुणीच्या नावाने ओळखलं जाणारं एक विधेयक जून २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूरही झालं. बेकायदा परत येणाऱ्यांना जास्त शिक्षा देण्याचं ते विधेयक. सिनेटमध्ये ते अडलं. त्या वादात मला इथे शिरायचं नाही, त्याला दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते बॅगेबद्दल. शनिवारच्या रात्री ती बॅग गाडीत कशी होती, एवढ्याचबद्दल.

चोराने काय पाहिलं

‘गाडीतून बंदूक चोरली’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर असा चोर येतो की ज्याला आत बंदूक आहे हे ठाऊक आहे. इथे तसं मानायला काही आधार नाही. बाहेरून दिसण्यासारखी होती ती बॅग. सॅन फ्रान्सिस्कोत गाड्यांच्या काचा फोडून चोऱ्या करणं हा तेव्हाही जवळजवळ धंदाच होता. २०१७ साली तर शहरात अशा तीस हजारांहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या. हे चोर बॅगा उचलतात. लॅपटॉप असेल, कॅमेरा असेल, पासपोर्ट असतील, निघेल ते निघेल.

गाडीच्या बाजूच्या काचा टफन्ड असतात. अपघातात माणूस कापला जाऊ नये म्हणून त्यांचे खडीसाखरेसारखे बारीक तुकडे व्हावेत अशीच त्यांची घडण असते. नेमका हाच गुण चोराच्या कामी येतो. एका कोपऱ्यात टोकदार, कठीण वस्तूचा बारीक घाव बसला की अख्खी काच एकदम खाली येते. स्पार्क प्लगच्या चिनीमातीचा नखाएवढा तुकडा फेकून मारला तरी पुरतो. फार आवाजही होत नाही. हात आत, बॅग बाहेर. मोजून दहा-पंधरा सेकंदांचं काम. गाडीचं लॉक या सगळ्यात कुठेच येत नाही. ते दाराला असतं आणि चोर दारातून येतच नाही.

एसयूव्हीने त्यात आणखी भर घातली. सेडान गाडीला वेगळी, बंद डिकी असते. आसनांच्या जागेतून तिच्यात सहज हात जात नाही. एसयूव्हीत मागच्या आसनामागची जागा हीच डिकी. वर एखादं झाकण ओढून घेता येतं, पण ते कापडाचं किंवा पातळ प्लास्टिकचं. काच फुटली की सगळी गाडी एकच खोली. म्हणजे ‘डिकीत ठेवायला हवं होतं’ हा सल्ला या गाडीला लागूच होत नाही, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या निम्म्याअधिक नव्या गाड्या असल्याच घडणीच्या असतात.

लपवण्याबद्दल लोक फार बोलतात. आसनाखाली सरकवा, वर जाकीट टाका. पण जाकीट टाकलेला उंचवटाच चोराला सांगतो की इथे काहीतरी आहे. माझ्या मते लपवणं उपयोगी आहेच, पण कुलपाच्या जोडीला. कुलपाऐवजी नाही.

पिस्तूल कसलं होतं

पी २३९ हे आटोपशीर बांध्याचं, पोलिसांत आणि खात्यांत बरंच वापरलं गेलेलं पिस्तूल. त्याला अंगठ्याने सरकवायची सेफ्टी, म्हणजे पिस्तूल उडू न देणारी कळ, नसते. सेफ्टी नाही म्हणजे पिस्तूल धोकादायक असं नाही, त्याची रचनाच वेगळी आहे. घोडा म्हणजे मागचा, काडतुसावर घाव घालणारा हातोडीसारखा भाग, आणि चाप म्हणजे बोटाने ओढायचा. घोडा खाली असताना चाप ओढला की तो लांब आणि जड ओढावा लागतो, कारण तोच ओढ आधी घोडा मागे नेतो आणि मग सोडतो. एकदा गोळी सुटली, किंवा हाताने घोडा मागे चढवला, की पुढचा ओढ छोटा आणि हलका होतो. चढलेला घोडा गोळी न सुटता खाली आणायला बाजूला एक वेगळी कळ असते.

ज्याने या पिस्तुलाचं प्रशिक्षण घेतलंय त्याच्या हातात ही रचना चांगली आहे. प्रश्न असा की ते पिस्तूल शिकलेल्या हातात राहिलं नाही. चार दिवस ते कुणाकुणाच्या हातातून गेलं, कुठल्या कापडात गुंडाळलं गेलं, कुणी त्याचा घोडा चढवून पाहिला, यातलं काहीच ठामपणे सांगता येत नाही. चोर कधी ओळखला गेला नाही. आरोपीचं म्हणणं असं की धक्क्यावरच्या एका आसनाखाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं, हातात घेतलं आणि ते उडालं. बचाव पक्षाने न्यायालयात लांबून टिपलेलं एक चित्रीकरण दाखवलं. त्यात घटनेच्या थोडं आधी त्याच जागी काही माणसं घोटाळताना दिसत होती. चाप किती हलका होता यावर खटल्यात तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. गोळी आधी काँक्रीटवर, उडवणाऱ्यापासून बारा-पंधरा फुटांवर आपटली होती आणि मग उसळून आणखी सुमारे ७८ फूट गेली होती, एवढी गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य होती.

३० नोव्हेंबर २०१७ रोजी ज्युरीने आरोपीला खून आणि सदोष मनुष्यवध या दोन्हींतून सोडलं. गुन्हेगारी पार्श्वभूमी असताना शस्त्र बाळगल्याचा ठपका तेवढा ठेवला. तोही २०१९ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने रद्द केला, कारण शस्त्र नुसतं क्षणभर हातात येणं हा गुन्हा नसू शकतो, ही सूचना ज्युरीला दिली गेली नव्हती. पुढे केंद्राच्या खटल्यात त्याने शस्त्र बाळगल्याचं कबूल केलं आणि २०२२ मध्ये आधीच भोगलेल्या कैदेवर ते प्रकरण मिटलं.

रेंजरवर फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही.

त्या रात्री दुसरं काय करता आलं असतं

असं प्रकरण वाचताना ‘निष्काळजीपणा’ हा शब्द चटकन तोंडात येतो. पण त्या शब्दाने फारसं काही हाती लागत नाही. दिवसभर गाडी चालवलेला माणूस, सोबत मुलंबाळं, सगळ्यांना भूक लागलेली, अनोळखी शहरात एकदाची जागा मिळालेली. अशा वेळी बॅगेत काय आहे याचा विचार मागे पडतो. म्हणून मी उलट बाजूने बघतो. त्याच्यापुढे कोणते रस्ते होते आणि त्यातला प्रत्येक रस्ता त्या क्षणी किती अवघड होता?

पहिला रस्ता म्हणजे पिस्तूल अंगावर ठेवणं. तो शस्त्र बाळगण्याचा अधिकार असलेला अधिकारी होता. २००४ च्या केंद्रीय कायद्याने पात्र अधिकाऱ्यांना ड्यूटीवर नसतानाही देशभर झाकून शस्त्र बाळगता येतं. कमरेवरचं पिस्तूल काच फोडून नेता येत नाही. अडचण अशी की पोरांबरोबर जेवायला जाताना हे नको वाटतं. ते जड असतं, बसताना टोचतं, शर्ट वर सरकला तर दिसतं. तरीही गाडीत सोडून जाण्यापेक्षा अंगावर असलेलं शस्त्र सुरक्षित, हे शस्त्र वापरणारा कुणीही मान्य करेल. साध्या नागरिकाला हा मार्ग नेहमी मोकळा नसतो, कारण न्यायालय, शाळा, सरकारी कचेरी अशा ठिकाणी शस्त्र आत नेताच येत नाही. गाडीत शस्त्र राहण्याचे बहुतेक प्रसंग याच अडचणीतून येतात.

दुसरा रस्ता बॅग बरोबर नेण्याचा. हा मला पटत नाही. खुर्चीच्या पाठीला टांगलेली बॅग विसरणं, कुणीतरी उचलून नेणं, मुलाने खाऊ शोधायला चेन उघडणं, या सगळ्यापेक्षा गाडीच बरी म्हणायची.

तिसरा रस्ता गाडीत पक्की सोय असण्याचा. ही सोय त्या रात्री सुचून होत नाही, ती निघण्याआधी गाडीत बसवलेली असावी लागते. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचा सांधा इथे आहे. त्या रात्री त्याने काय निवडलं यापेक्षा, निघताना त्याच्यापाशी निवडायला काय होतं हा प्रश्न जास्त कामाचा. पेटी नसेल तर माणूस आहे त्यातलं बरं शोधतो, आणि बॅगच त्यातल्या त्यात बरी वाटते. बंद असते, आतलं दिसत नाही, हाताशी असते.

पेटी आणि ती किती पुरते

गाडीत बसवायची पेटी म्हणजे जाड पुस्तकाएवढी पोलादी डबी. आत स्पंज, बाहेर किल्लीचं किंवा बटणांचं कुलूप. पत्रा साधारण दीड मिलिमीटरचा. स्वस्तातल्या पेटीबरोबर पोलादी तारेचा एक फास येतो. तो आसनाच्या लोखंडी सांगाड्याभोवती फिरवायचा आणि त्याचं दुसरं टोक पेटीत अडकवून झाकण लावायचं. आसनाचा सांगाडा गाडीच्या तळाला बोल्टने जखडलेला असतो, त्यामुळे पेटी उचलली तर आसनासकट ओढावी लागेल अशी कल्पना.

कल्पना चांगली, पण तार कापता येते. लांब दांड्यांचा कटर असेल तर एका दमात. पेटीच उचकटायची म्हटलं तर पहारीने झाकण वाकवता येतं. म्हणून काही लोक पेटीला हसतात, ‘खेळणं आहे’ म्हणतात. मला हे हसणं अर्धवट वाटतं. काच फोडणारा चोर कटर घेऊन फिरत नाही. त्याचं सगळं गणित दहा-पंधरा सेकंदांचं. आसनाखाली बांधलेली पेटी त्याला मिनिटभर थांबायला लावते, आणि ते मिनिट फुटलेल्या काचेत अर्धं अंग घालून, भर रस्त्यात. बहुतेक जण बाजूला पडलेली दुसरी बॅग उचलून निघून जातील. पेटी काम करते ती अशी, वेळ मागून. ज्याला हे पुरेसं वाटत नाही त्याने गाडीच्या तळाला भोकं पाडून, आतून बोल्ट मारून पेटी पक्की करावी. बोल्ट पेटी उघडल्याशिवाय दिसत नाहीत, आणि तारेचा प्रश्नच राहत नाही. भोकं पाडण्याआधी खालून इंधनाची नळी आणि वायरी कुठून जातात ते पाहून घ्यावं लागतं, एवढं एक. दोन आसनांमधल्या कप्प्यात बेतून बसणाऱ्या पोलादी पेट्याही मिळतात आणि बाहेरून त्या ओळखू येत नाहीत.

डॅशबोर्डचा कप्पा मात्र यात धरू नये. त्याचं कुलूप प्लास्टिकच्या खाचेत अडकतं आणि मोठा स्क्रूड्रायव्हर घातला की तुटतं. काच फोडल्यावर चोराचा हात पहिल्यांदा जातो तोही तिकडेच.

पेटी वापरताना एक बारीक गोष्ट सुटते, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. माणूस गाडी लावतो, इंजिन बंद करतो, मग वाकून कमरेचं पिस्तूल काढतो, पेटी उघडतो, ठेवतो, बंद करतो, उतरतो. पार्किंगमध्ये पलीकडे उभा असलेला कुणी हे अख्खं चित्र काचेतून बघू शकतो. अंगातून काहीतरी काढून आसनाखाली ठेवणारा माणूस गाडीत नक्की काय ठेवून चाललाय हे ओळखायला हुशारी लागत नाही. म्हणून जाणकार लोक हे काम आधीच, मुक्कामाच्या एक-दोन मैल अलीकडे, एखाद्या निवांत जागी उरकतात. तिथे थांबलेली गाडी तिथून निघून जाते आणि बघणारा मागे राहतो.

आणि काढताना होल्स्टरसकट काढायचं. पिस्तूल होल्स्टरमधून उपसायचं, मुठीतलं काडतुसांचं मॅगझिन काढायचं, गोळी काढायची, परत घालायची, हे सगळं आसनाच्या बोळात, स्टिअरिंगखाली वाकून करणं म्हणजे दिवसातून दोनदा अपघाताला बोलावणं. होल्स्टरने चाप झाकलेला असतो. झाकलेला चाप तसाच पेटीत जावा.

दुसरं कुलूप

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, ज्याच्याबद्दल फारच कमी बोललं गेलं.

पेटी पिस्तूल नेऊ देत नाही. पण समजा नेलंच. त्यानंतर ते उडू नये याची सोय वेगळी असते, आणि ती फार साधी आहे. प्लास्टिकचं वेष्टण असलेली करंगळीहून बारीक पोलादी तार आणि तिला एक छोटं कुलूप. मॅगझिन काढायचं, वरचा सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून आत गोळी नाही हे पाहायचं आणि बोट घालून चाचपायचं, मग तार काडतूस बाहेर पडायच्या खिडकीतून आत घालून मुठीच्या पोकळीतून खाली काढायची आणि कुलूप लावायचं. स्लाइड पुढे येऊच शकत नाही. त्या अवस्थेत ते पिस्तूल म्हणजे लोखंडाचा तुकडा. २००५ च्या कायद्याने अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याला सामान्य ग्राहकाला हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, देताना असं काही कुलूप बरोबर द्यावंच लागतं. बहुतेक घरांत ते वेष्टणासकट खणात पडून असतं.

ही तारही कापता येते, हे खरं. पण २७ जून ते १ जुलै हे दिवस पाहा. ज्याने बॅग नेली त्याने पिस्तूल टाकून दिलं, विसरलं, विकलं की कुणाला दिलं, ते माहीत नाही. एवढं माहीत आहे की ते धक्क्यावर पोचलं आणि ज्याच्या हाती आलं त्याच्या हातात उडालं. आरोपीचं म्हणणं खरं धरलं, म्हणजे ते खरोखर कापडात गुंडाळलेलं सापडलं, तर रिकामं आणि तार घातलेलं पिस्तूल त्याच्या हातात काहीच करू शकलं नसतं. आणि म्हणणं खोटं धरलं तरी तार कापायची, काडतुसं मिळवायची, भरायची, एवढी कामं मध्ये आली असती. पेटी चोरीच्या क्षणी उपयोगी पडते आणि तार चोरीनंतरच्या सगळ्या दिवसांत. दोन कुलपं, दोन वेगळी कामं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. अधिकाऱ्याचं शस्त्र तयार असायला हवं, रिकामं आणि तार घातलेलं शस्त्र वेळेला निरुपयोगी. मान्य. पण हे शस्त्र त्या क्षणी अधिकाऱ्याजवळ नव्हतं. ते गाडीत होतं आणि तो जेवत होता. जे शस्त्र जवळ नाही त्याची तयारी फक्त दुसऱ्याच्या कामी येते. मोंटानाला पोचेपर्यंत लागणारच नाही असं शस्त्र घरून निघतानाच रिकामं करून, तार घालून, काडतुसं वेगळ्या बॅगेत ठेवून न्यायला हरकत नव्हती. रिकामं करण्याचं काम घरच्या टेबलावर निवांत होतं, गाडीत नाही.

कायद्याने काय केलं

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेजारच्या ओकलंडमध्ये पुलाखालच्या भिंतीवर चित्र काढणारा एक तरुण गोळीने मारला गेला. ते पिस्तूलही सॅन फ्रान्सिस्कोतच, केंद्राच्या स्थलांतर खात्याच्या एका अधिकाऱ्याच्या भाड्याच्या गाडीतून चोरलेलं निघालं. एका शहरात, एका उन्हाळ्यात, दोन अधिकारी, दोन गाड्या. मग लक्ष गेलं.

२०१६ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्को शहराने आपला नियम केला. सप्टेंबरमध्ये राज्याने कायदा केला, जो १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. गाडी सोडून जाताना हँडगन मागे ठेवायची असेल तर ती बंद डिकीत तरी हवी, नाही तर कुलूपबंद पेटीत, आणि पेटी बाहेरून दिसता कामा नये. डॅशबोर्डचा कप्पा पेटी म्हणून चालणार नाही, हे व्याख्येतच लिहिलेलं आहे. आसनांच्या जागेतून जिथे हात पोचतो ती डिकी नव्हे, हेही लिहिलंय, म्हणजे एसयूव्हीवाल्याला पेटी घेण्यावाचून गत्यंतर नाही. दंड जास्तीत जास्त एक हजार डॉलर. सगळ्यात मोठा बदल म्हणजे हा नियम पोलिसांना आणि इतर अधिकाऱ्यांनाही लागू झाला. आधी साध्या नागरिकाला कडक बंधन आणि ज्यांच्या गाडीत शस्त्र असण्याची शक्यता सर्वांत जास्त त्यांना सूट, असा उलटा कारभार होता. या कायद्याने तातडीच्या मदतीला धावताना तेवढी सूट ठेवली.

तरुणीच्या आईवडिलांनी केंद्र सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. रेंजरने भरलेलं पिस्तूल उघड्यावर सोडलं म्हणून मुलगी गेली, असं त्यांचं म्हणणं. २०२० मध्ये केंद्राच्या जिल्हा न्यायालयाने आणि २०२१ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने ते नाकारलं. बॅग चोरीला जाणं, पिस्तूल चोराच्या हातून सुटणं, चार दिवसांनी दुसऱ्याच जागी तिसऱ्याला मिळणं, त्याच्याकडून उडणं, गोळी उसळणं, इतक्या कड्या मध्ये आहेत की मृत्यूचं कायदेशीर कारण म्हणून रेंजरची चूक धरता येणार नाही, असा निकालाचा आशय.

कायद्याच्या चौकटीत हे बरोबर असेलही. जबाबदारी कुठेतरी थांबवावीच लागते. पण सुरक्षेच्या नजरेने तीच साखळी उलटी दिसते. जितक्या कड्या जास्त, तितक्या तोडायच्या जागा जास्त. यातली प्रत्येक कडी कुठली ना कुठली साधी वस्तू तोडू शकली असती. अंगावरचं होल्स्टर, आसनाखालची पेटी, मुठीतून ओवलेली तार, रिकामं मॅगझिन. न्यायालयाने जी लांबी दायित्व संपवायला वापरली, ती लांबी म्हणजे त्या रात्रीपासून पुढे मिळालेल्या संधी होत्या.

नव्या कायद्यातही एक गाठ राहून गेली आहे. पेटी आहे की नाही हे बघायला पोलीस गाड्या उघडत फिरत नाहीत. नियम मोडल्याचं कळतं ते चोरी झाल्यावर, आणि चोरी झाल्याचं कळतं ते मालकाने सांगितल्यावर. म्हणजे ‘माझ्या गाडीतून पिस्तूल गेलं’ असं सांगणारा माणूस त्याच वाक्यात आपला दंडही कबूल करतो. काही जण गप्प बसतील ही भीती खोटी नाही. त्यावर उतारा म्हणून की काय, नोव्हेंबर २०१६ च्या मतदानात मंजूर झालेल्या प्रस्तावाने कॅलिफोर्नियात चोरीची खबर देणंही बंधनकारक केलं, जुलै २०१७ पासून. मुदत दिली पाच दिवसांची. या प्रकरणात खबर त्याच रात्री दिली गेली होती, आणि गोळी चौथ्या दिवशी सुटली.